आखूड रेघ

सन एकोणीसशे एकसष्ट. त्या वर्षीच्या जानेवारीत लोलकांच्या कारखान्यात एक शहाणे दाखल झाले आणि फेब्रुवारी संपायच्या आत भट्टी विझली. मधल्या पाच-सहा आठवड्यांत काय घडलं ते कारखान्यातल्या प्रत्येकाने आपापल्या सोयीने सांगितलं. खरं काय ते घारीला माहीत होतं, आणि तिने ते पुष्कळ वर्षं पोटात ठेवलं. सांगितलं असतं तर त्या शहाण्यांबरोबर तिचीही शोभा झाली असती.

घारी म्हणजे तिच्या डोळ्यांच्या रंगावरून पडलेलं नाव. वय बावीस. आईवडील लहानपणीच गेलेले, मामा-मामींनी वाढवलं. मामा कारखान्यात भट्टीवाला. त्यानेच तिला सोळाव्या वर्षी तिथे नेलं आणि मालकांसमोर उभी केली, "हिचे डोळे बघा, मालक. तांदळातला खडा ही दारातून दाखवते." मालकांनी तिला अंधाऱ्या खोलीत काम दिलं.

ही खोली कारखान्याच्या मागच्या बाजूला, खिडकीला काळं कापड ठोकलेली. मध्ये दगडी ओट्यावर पितळी यंत्र. एका बाजूला फटीची नळी, तिच्यामागे पिवळा दिवा. दुसऱ्या बाजूला फिरती दुर्बीण. मधोमध छोट्या चौरंगावर लोलक. खाली अंशांच्या रेघा कोरलेली गोल तबकडी. फटीतून आलेला उजेड लोलकात शिरताना वाकतो, बाहेर पडताना आणखी वाकतो, आणि दुर्बिणीत एक पिवळी रेघ दिसते. चौरंग हळूहळू फिरवला की रेघ एका बाजूला चालू लागते. मग तिची चाल मंदावते, ती थांबते, आणि हात त्याच दिशेने फिरवत राहिलं तरी ती माघारी वळते. ती जिथे थांबते तिथे उजेड कमीत कमी वाकलेला असतो. त्या जागेचा कोन म्हणजे किमान विचलन. तो अचूक मिळाला की काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिची उजेड वाकवायची ताकद कळते. कारखान्याची सगळी अब्रू त्या एका थांबण्यावर होती.

हे काम दोघांनी करायचं, असा तिथला जुना नेम होता. एकाने रेघ लावायची, दुसऱ्याने तबकडी वाचायची. लावणाऱ्याने आकडा ऐकायचा नाही, वाचणाऱ्याने दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. लावणारा एकदा आकडा ऐकतो तेव्हा दुसऱ्यांदा त्याचा हात आपोआप त्याच आकड्याकडे जातो, म्हणून. वाचणारीने आकडा चिठ्ठीवर लिहून, घडी घालून पत्र्याच्या डबीत टाकायचा. अशा तीन खेपा. डबी मालक उघडणार. तोवर आकडा कोणालाही सांगायचा नाही, घरीसुद्धा नाही.

रेघ लावणारे गृहस्थ साठीचे होते. त्यांना सगळे डुलकीकाका म्हणत. दोन लोलकांच्या मधल्या वेळेत ते भिंतीला टेकून घोरत. पण दुर्बिणीला डोळा लावला की रेघेचं थांबणं त्यांना असं सापडायचं, की घारीच्या तीन चिठ्ठ्यांत एका मिनिटापेक्षा जास्त फरक कधी पडला नाही.

"काका, झोपेत लावता का हो रेघ?"

"जागेपणी हात थरथरतो गं," ते म्हणायचे.

आणि मग आले तिकडचे.

त्यांना हे नाव पॉलिशवाल्या बायकांनी दिलं. परदेशात चार वर्षं राहून आले होते आणि त्यांचं प्रत्येक वाक्य 'तिकडे' या शब्दाने सुरू व्हायचं. तिकडे असं नसतं. तिकडे हे हसण्यावारी नेतील. तिकडे प्यूनसुद्धा याहून स्वच्छ टेबलावर जेवतो. मालकांनी त्यांना काच तपासण्यासाठी आणि एकूण कारखान्याला शिस्त लावण्यासाठी नेमलं होतं. पंचेचाळिशीचे असतील. केस काळेभोर, म्हणजे रविवारी काळेभोर आणि शनिवारपर्यंत मुळाशी पांढरे. वाचताना कागद हातभर लांब धरायचे. चाळिशी लागली होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण चष्मा नाही. चष्मा लावला की माणूस म्हातारा दिसतो, आणि तिकडे बहुधा कोणी म्हातारं होत नसावं.

पहिल्याच दिवशी ते अंधाऱ्या खोलीत आले. चिठ्ठ्यांची डबी दोन बोटांनी उचलली आणि हलवून बघितली.

"हे काय, सोडत आहे का?"

घारीने नेम समजावून सांगितला. त्यांनी तो मान तिरकी करून ऐकला, लहान मूल बाहुलीच्या लग्नाची हकिकत सांगतं तेव्हा ऐकतात तसा.

"बाई, तुमचं शिक्षण किती?"

"सातवी."

"छान. म्हणजे आकडे काढता येतात." ते डुलकीकाकांकडे वळले. "आणि हे?"

काका भिंतीला टेकून घोरत होते.

घारीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने तेव्हाच मनाशी ठरवलं, की या माणसाचं एकदा चारचौघांत माप काढायचं. तिला तिरस्कार नवा नव्हता. मालकांचा हिशेबीपणा, मुकादमाचा लाळघोटेपणा, सगळं ती मनातल्या मनात हिणवायची. पण हा तिरस्कार वेगळा होता. तो तिला सकाळी उठल्यावर आठवायचा आणि बरं वाटायचं.

इकडे मामाचं वेगळंच चाललं होतं. त्याच्या भट्टीत साधी काच उतरायची, लोलकांची जड काच कारखाना बाहेरून विकत घ्यायचा. मामाच्या डोक्यात चार वर्षांपासून एकच खूळ: ती जड काच आपल्याच भट्टीत उतरवायची. घाण म्हणजे एका वेळी भट्टीत वितळवलेली काच; आधीचे तीन घाण फुकट गेले होते. एकात बुडबुडे, एकात रेषा, तिसरा पिवळा. मालकांनी साफ सांगितलं होतं, "हा चौथा. हा नापास झाला की भट्टी बंद. मग तू गोदामावर बस." साठीला आलेल्या मामाला गोदामावर बसणं म्हणजे जिवंतपणी स्वतःच्या फोटोला हार घालून घेण्यासारखं होतं.

चौथा घाण ओतून झाला. काचेच्या जाड लाद्या निववायच्या कोठीत गेल्या. ही कोठी म्हणजे मोठा विटांचा हौदच. काच ओतल्यावर एकदम गार झाली तर आतून तडकते, म्हणून कोठीला बाहेरून कोळसा घालत, रोज थोडा कमी करत, तीन आठवडे तिला निवू द्यायचं. त्याच घाणातला एक लहान तुकडा वेगळा निववून त्याचा लोलक घासला होता. त्या लोलकावर सगळं ठरणार होतं. गिऱ्हाइकाला एक पूर्णांक सहाशे सव्वीस अपवर्तनांकाची काच हवी होती. दशांशाच्या तिसऱ्या घरात एकाचा फरक चालेल, जास्त नाही.

गुरुवारी सकाळी तिकडचे मालकांबरोबर बाहेर गेले होते. तेवढ्यात नेमाप्रमाणे डुलकीकाकांनी तीन खेपा रेघ लावली आणि घारीने वाचली. अठ्ठेचाळीस अंश अठ्ठेचाळीस मिनिटं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सत्तेचाळीस. तिने कोष्टक काढलं. सहाशे सव्वीस! तिने चिठ्ठ्या डबीत टाकल्या आणि ती बाहेर येऊन हौदावर उगीच पाणी प्यायली.

संध्याकाळी घरी मामींना राहवेना. "काय गं, मोजलं ना आज? बोल की. का तोंडाला टाके घातलेत?"

"तिला विचारायचं नाही," मामा म्हणाला. तो कोपऱ्यात बसून नखांतला कोळसा काडीने काढत होता.

"अहो, पण घरातल्या घरात..."

"नेम आहे तो. मी बत्तीस वर्षांत कोणा वाचणाऱ्याला विचारलं नाही. भाचीला विचारू?" आणि घारीकडे न बघता म्हणाला, "तू जेव गं."

शुक्रवारी तिकडच्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि जाहीर केलं, की आज मोजमाप ते स्वतः करणार, एकट्याने, शास्त्रीय पद्धतीने. डबी त्यांनी न उघडताच फळीवर सरकवली. काकांना बाहेर पाठवलं. घारीने फक्त सांगितलेलं लिहायचं.

त्यांनी रेघ लावली. बरी लावली, खोटं कशाला बोलायचं. हात स्थिर होता. मग ते तबकडीवर वाकले, मागे सरले, पुन्हा थोडे मागे सरले.

"अठ्ठेचाळीस अंश," ते म्हणाले, "अठरा मिनिटं. लिहा."

घारीची पेन्सिल थांबली.

त्या तबकडीला प्रत्येक अंशाची एक लांब रेघ होती, आणि दोन लांब रेघांच्या मध्ये एक आखूड, अर्ध्या अंशाची. दुर्बिणीबरोबर तबकडीवर सरकणारी खूण ती आखूड रेघ ओलांडून गेली असेल, तर बाजूच्या व्हर्नियरपट्टीवर, म्हणजे मिनिटं मोजायच्या ठळक रेघांच्या पट्टीवर, जी मिनिटं येतील त्यांत आणखी तीस मिळवायची. नवशिके ही तीस विसरतात. घारीसुद्धा पहिल्या आठवड्यात विसरली होती आणि काकांनी तिच्या डोक्यात टपली मारली होती. यांना मुळात ती आखूड रेघ दिसतच नव्हती. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, चष्म्यावाचून, त्यांना नुसत्या लांब रेघा दिसत होत्या. भिंग बाजूलाच पडलं होतं. ते त्यांनी हातात घेतलं नाही.

"बाई, लिहिताय ना? का तुमच्या चिठ्ठीत वेगळं भविष्य निघालं होतं?"

ती तोंड उघडणारच होती. चार शब्दांचं काम होतं: आखूड रेघ बघा, साहेब. पण या शेवटच्या वाक्यानंतर ते चार शब्द तिने गिळले. तिला एकदम दिसलं की हा माणूस आपण होऊन खड्ड्याकडे चालला आहे. आत्ता सांगितलं तर खोलीत दोघंच. 'हो हो, तेच म्हणत होतो मी' असं म्हणून मोकळा होईल. सोमवारी मात्र गिऱ्हाईक कंपनीचे दोन साहेब येणार होते, त्यांच्यासमोर हाच माणूस यंत्र दाखवणार होता. करू दे सही. बोलू दे सगळ्यांसमोर.

तिने लिहिलं, अठ्ठेचाळीस, अठरा. खाली त्यांनी वीतभर लांब सही केली, नावापुढच्या पदव्यांसकट. हिशेब सहाशे एकवीस. काच नापास.

"मला अपेक्षितच होतं," ते हात पुसत म्हणाले. "जी माणसं आयुष्यभर कोळसा उपसतात, त्यांच्याकडून काच होत नसते."

तेव्हा तर तिचा निश्चय दगडासारखा झाला.

दुपारी मालकांनी मामाला बोलावून निकाल सांगितला. "सोमवारी पाहुणे येऊन गेले, की विझव." घारीने हे दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि हिशेब केला: सोमवारी पाहुण्यांसमोरच सगळं उलटणार. म्हणजे मामाला तीन रात्री वाईट जातील, एवढंच. आत्ता सांगितलं तर त्याच्या पोटात राहणार नाही. सरळ मालकांच्या खोलीत जाईल, दार लावून बोलणं होईल, आणि तिकडचे त्या बंद दारामागे अलगद सुटतील.

घरी मामींनी कपाळावर हात मारून घेतला. "बत्तीस वर्षं! आणि आता गोदामातली पोती मोजायची!"

जेवताना मामाने एकदाच मान वर करून घारीकडे पाहिलं. विचारायचं नाही, हा त्याचा नेम. पण ती नजर विचारत होती. घारीने आमटीत चमचा फिरवला.

शनिवारी अर्धा दिवस. मामा संध्याकाळी घरी आला तो लवकर, आणि कोपरापर्यंत हात स्वच्छ धुऊन. अंगाला कोळशाचा वास नव्हता. मामी म्हणाल्या, "आज काय लग्नाला जायचंय?" तो नुसता हसला. घारीने ते पाहिलं. पण ती तेव्हा मनातल्या मनात सोमवारचं वाक्य घोळवत होती. 'साहेब, ही आखूड रेघ तिकडे नसते का?' की 'तिकडे नसतात का आखूड रेघा?' दुसरं जास्त झोंबेल असं तिला वाटलं. रविवार याच विचारात गेला. सोमवारी कारखान्याचं अंगण ओलांडतानाही ती तेच पुटपुटत होती. मान वर केली असती तर धूर नसलेलं धुराडं दिसलं असतं.

पाहुणे दहाला आले. अंधाऱ्या खोलीत मालक, दोन पाहुणे, तिकडचे, डुलकीकाका आणि ती अशी दाटी झाली. तिकडच्यांनी किमान विचलनावर असं व्याख्यान दिलं, की जणू उजेड त्यांच्याच परवानगीने वाकतो. मग रेघ लावून ते तबकडीवर वाकले, मागे सरले.

"अठ्ठेचाळीस अंश अठरा. शुक्रवारीही हेच. यंत्र खोटं बोलत नाही, गृहस्थहो."

"साहेब," घारी म्हणाली. आवाज अगदी मऊ. "जरा हे भिंग घेऊन वाचता का?"

"गरज नाही."

"घ्या हो," एक पाहुणा म्हणाला. "आम्हालाही बघू द्या."

त्यांनी भिंग घेतलं, वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

"खूण कुठल्या रेघेच्या पुढे आहे, साहेब? मध्ये एक आखूड रेघ आहे बघा. अर्ध्या अंशाची." तिने जरा थांबून घेतलं. "तिकडे नसतात का आखूड रेघा?"

डुलकीकाका ठसका लागल्यासारखे हसले. पाहुण्याने भिंग घेऊन स्वतः वाचलं. "अठ्ठेचाळीस अठ्ठेचाळीस." मालकांनी फळीवरची डबी काढून चिठ्ठ्या उलगडल्या. अठ्ठेचाळीस अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस सत्तेचाळीस. तारीख गुरुवारची.

तिकडच्यांचा चेहरा त्या पिवळ्या उजेडात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. "प्रकाश अपुरा आहे," ते म्हणाले. "तिकडे..." आणि पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. घारीने ते दृश्य डोळे भरून पाहिलं. आयुष्यात एवढं सुख तिला पुन्हा फार वेळा मिळालं नाही.

"म्हणजे काच पास!" मालक ओरडले. "लाद्या किती आहेत? भट्टीवाल्याला बोलवा!"

मामा आला. स्वच्छ हात, घडीचा सदरा. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि एका दमात सगळं सांगितलं.

मामाने ऐकून घेतलं. "मालक," तो म्हणाला, "कोठीचा कोळसा मी शनिवारी दुपारीच बंद केला."

"पण मी सोमवार म्हटलं होतं!"

"म्हटलं होतंत. पण नापास काचेला तुमचा कोळसा कशाला जाळायचा? आणि पाहुण्यांना ती तापलेली कोठी कशाला दाखवायची? दार उघडून मोकळा झालो."

सगळे अंगणातून कोठीकडे गेले. घारी मागून. दार सताड उघडं होतं. आत सहा लाद्या शेजारी शेजारी, स्वच्छ, एकही बुडबुडा नाही, आणि प्रत्येकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तडे. अजून गार होत होत्या. मधूनच एक बारीक आवाज यायचा, टिच, आणि नवा तडा जायचा. पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. "वाईट झालं," तो म्हणाला, आणि ते दोघे गेले. मालक तिकडच्यांवर खेकसत पाहुण्यांमागे गेले.

कोठीपाशी मामा आणि घारी उरले.

"चिठ्ठ्यांवर तारीख गुरुवारची होती?"

"हो."

"म्हणजे शुक्रवारी तो बोलला, तेव्हाच तुला कळलं."

"मामा, मला वाटलं सोमवारी सगळ्यांसमोर... त्याची जिरवली की..."

"जिरली?"

मामा आत वाकला, लादीवर तळहात ठेवला, ताप बघताना कपाळावर ठेवतात तसा. "छान उतरली होती," तो म्हणाला, आणि दार लोटून घेतलं.

भट्टी पुन्हा पेटली नाही. मालक पाचवा घाण काढ म्हणाले, कोळसाही देऊ केला. मामा म्हणाला, आता नाही. दोन वर्षांनी मालकांनी कारखाना बाटल्या करणाऱ्याला विकला आणि सुखाने जाड झाले. डुलकीकाका निवृत्तीनंतर सहा महिन्यांत गेले, झोपेतच, दुसरं कसं जाणार. तिकडचे त्याच वर्षी नोकरी सोडून एका मोठ्या संस्थेत वर चढले. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात किमान विचलनाच्या धड्याखाली बारीक अक्षरांत टीप आहे: अर्ध्या अंशाची रेघ विसरू नये, अननुभवी सहायकांकडून ही चूक होते. मागच्या पानावरच्या फोटोत त्यांना जाड काड्यांचा चष्मा आहे. घारीने ते पुस्तक विकत घेतलं, फक्त त्या फोटोला रोज तुच्छतेने बघायला मिळावं म्हणून, आणि पुष्कळ वर्षं तसं बघितलंही. तिने दुसऱ्या कारखान्यात एकोणतीस वर्षं तबकड्या वाचल्या. तिथे जिला शिकवलं तिला पहिल्या दिवशी ती सांगायची: चूक दिसली की त्याच क्षणी बोलायचं, समोर कोणीही असो. का, ते मात्र तिने कोणाला सांगितलं नाही.

मामी ऐंशी वर्षं जगल्या. त्यांना कधीच काही कळलं नाही. मामाने सांगितलं नाही.

मामा गोदामावर बसला आणि त्यानंतर अकरा वर्षं जगला. घारीशी तो वाईट वागला नाही, एक शब्द उणा बोलला नाही, तिच्या लग्नात पाहुण्यांची जातीने सरबराई केली. पण आधी त्याची सगळी पत्रं तीच वाचून दाखवायची, ती नंतर पोस्टमन दारात उभं राहून वाचून दाखवू लागला. शेवटच्या आजारात ती भेटायला गेली होती. मामींनी त्याच्या काखेतून थर्मामीटर काढलं आणि सवयीने तिच्याकडे दिलं. "घारे, बघ गं किती आहे." ती खिडकीपाशी जाऊन ते उजेडात धरतच होती. मामाने अंथरुणातून हात पुढे केला, ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि उशाशी ठेवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "डॉक्टर येतीलच. ते वाचतील."